आठवण कोणी ठेवायची?

माझी मुलगी तिसरीत होती तेव्हाची गोष्ट. ती शाळेत गेल्यावर पाऊण तासाने मी टेबल आवरायला गेले, तर तिची चित्रकलेची वही तिथेच उघडी पडलेली दिसली. आदल्या रात्री अर्धे राहिलेले चित्र पूर्ण करून, रंग वाळावेत म्हणून तिने ती तशीच ठेवली होती आणि सकाळच्या घाईत ती दप्तरात जायची राहून गेली होती. मी स्वतः प्राथमिक शाळेत शिकवते. त्या दिवशी माझी रजा होती आणि तिची शाळा चालत दहा मिनिटांवर होती. याआधी तीन-चार वेळा मी अशाच राहिलेल्या वस्तू नेऊन दिल्या होत्या. त्या दिवशीही वही उचलली, चपला पायांत सरकवल्या आणि दारातच थांबले. आठवडाभरापूर्वी माझ्या वर्गातल्या एका मुलाच्या आईला मी मोठ्या आत्मविश्वासाने सांगितले होते की विसरलेल्या वस्तू शाळेत आणून देऊ नका, त्याशिवाय मुलांना सवय लागणार नाही. दुसऱ्याला सांगितलेले स्वतः पाळायला हवे, एवढ्याच विचाराने मी वही परत टेबलावर ठेवली.

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा तिचे डोळे भरलेले होते. दप्तर खाली टाकून ती म्हणाली, "आई, तू मला आठवण का नाही करून दिलीस?"

तिच्या या प्रश्नाने मला जे दाखवले, ते इतक्या वर्षांच्या शिकवण्यात मला दिसले नव्हते. दप्तर भरण्याचे काम मी पहिलीतच तिच्याकडे सोपवले होते आणि ते सोपवल्याचे समाधानही मनात बाळगून होते. प्रत्यक्षात मी सोपवले होते ते वह्या उचलून दप्तरात घालण्याचे काम. कोणत्या वारी कोणती वही लागते, रंगपेटी कधी न्यायची, सही घेतलेला कागद कधी परत करायचा, हे सगळे लक्षात ठेवण्याचे काम माझ्याच डोक्यात राहिले होते. "वेळापत्रक बघितलंस का?", "रंगपेटी घेतलीस का?", "पाण्याची बाटली?" हे माझे रोजचे प्रश्न हीच तिची स्मरणशक्ती होती, आणि ती एके दिवशी चुकली म्हणून तिने मला जाब विचारला. तिच्या बाजूने पाहिले तर ते अगदी रास्त होते.

त्या संध्याकाळपासून मी काम आणि जबाबदारी हे दोन शब्द वेगळे धरू लागले. सांगितल्यावर मूल करते ते काम. ते कधी करायचे याची आठवण, ते नीट झाले की नाही याची पारख आणि बिघडले तर निस्तरण्याची तयारी या तिन्ही गोष्टी त्याच्याकडे गेल्या, म्हणजे ती जबाबदारी होते. आपण मोठी माणसे यांतला पहिला, हातांचा भाग मुलांना देतो आणि उरलेले स्वतःकडे ठेवतो. वर्षामागून वर्षे असे चालते, आणि मग मूल दहा वर्षांचे झाले की "याला कशाचीच जबाबदारी नाही" अशी तक्रार करतो.

त्याच वेळी मला माझी दुसरी चूकही दिसली. वही न नेण्याचा माझा निर्णय तिला आधी सांगितलेला नव्हता. ज्या दोरीला धरून ती चालत होती ती मी तिला न सांगता सोडून दिली आणि त्याला शिकवण म्हणाले. मुलांना परिणाम भोगू द्यावेत हा सल्ला पालकसभांत फार सहजपणे दिला जातो. मीही तो दिला आहे. पण मुलाकडे आठवण ठेवण्याचे कोणतेही साधन नसताना नुसता परिणाम वाट्याला आला, तर त्यातून ते एवढेच शिकते की मोठ्यांवर भरवसा ठेवता येत नाही. म्हणून मी तिला खरे ते सांगितले: वही मला सकाळीच दिसली होती आणि मी ती आणली नाही, तुला आधी न सांगता असे करायला नको होते. ती बराच वेळ काही बोलली नाही. नंतर तिने विचारले, "मग मी लक्षात कसं ठेवायचं?" आमची खरी सुरुवात तिथून झाली.

लक्षात कसे ठेवायचे हा प्रश्न मोठ्यांना वाटतो तितका सोपा नाही. पाढे किंवा कविता आठवणे वेगळे आणि पुढे करायच्या गोष्टीची, कुणी न विचारता, नेमक्या वेळी आठवण होणे वेगळे. हातातले चित्र, शेजारची खोडी, डोक्यातला खेळ हे सारे क्षणभर बाजूला सारून "आता मला ते करायचे आहे" हे आतून सुचावे लागते. मेंदूच्या पुढच्या ज्या भागावर असे नियोजन आणि स्वतःवरचा ताबा अवलंबून असतो, त्याची वाढ विशीच्या मध्यापर्यंत चालू राहते. सात-आठ वर्षांचे मूल विसरते ते बहुतेक वेळा बेफिकिरीमुळे विसरत नाही. त्या वयात ते यंत्र अजून घडत असते. त्यामुळे विसरल्याबद्दल रागावण्याने फारसे काही साधत नाही. आतली आठवण पक्की होईपर्यंत तिला बाहेरचा आधार द्यावा लागतो. तो आधार आईचा आवाज असावा की दुसरे काही, एवढे मात्र आपल्याला ठरवता येते.

मी त्याच रात्री एक सुबक तक्ता तयार केला. रेघा आखल्या, वार लिहिले, प्रत्येक वारापुढे वस्तूंची यादी केली आणि तो दाराला चिकटवला. चार दिवसांत तो भिंतीच्या रंगासारखा झाला; तिचे त्याच्याकडे लक्षही जाईना. पाचव्या दिवशी मी तो काढला आणि तिला एक कोरा कागद देऊन म्हटले, तुला जसा हवा तसा तू कर. तिने सहा चौकोन काढले. एकात ब्रश, एकात धावणारी मुलगी, एकात कसलेसे पान. शब्द मोजकेच होते आणि त्यांतल्या दोघांचे ऱ्हस्व-दीर्घ चुकलेले होते. ते सुधारण्यासाठी माझा हात शिवशिवत होता, पण मी तो आवरला. कागद तिने आपल्या उंचीला लावला, म्हणजे माझ्या कमरेपाशी. दात घासून झाले की कागदासमोर उभे राहायचे, हेही तिनेच ठरवले. रोज घडणाऱ्या एखाद्या गोष्टीला नवे काम असे बांधून टाकले की ते आठवण्याची शक्यता वाढते, हे मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी पुष्कळ प्रयोगांतून दाखवले आहे. "लक्षात ठेवीन" हा संकल्प निसटून जातो. "अमुक झाले की लगेच तमुक करीन" हे टिकते.

तरीही पहिले दोन आठवडे मी दारापाशी उभी राहून "कागद बघितलास का?" असे विचारतच होते. हा प्रश्नही पुन्हा माझीच आठवण आहे, हे कळायला मला वेळ लागला. मग मी मागे सरले आणि त्या वेळी दुसऱ्या खोलीत जाऊन बसू लागले, कारण समोर असले की तोंडातून प्रश्न निघतच असे.

डेव्हिड वुड, जेरोम ब्रूनर आणि गेल रॉस या तीन अभ्यासकांनी १९७६ मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला होता. तीन ते पाच वर्षांची मुले लाकडी ठोकळ्यांचा पिरॅमिड रचत असताना शिकवणारी व्यक्ती त्यांना मदत कशी करते, हे त्यांनी पाहिले आणि त्या मदतीला इमारतीच्या परांचीची उपमा दिली. शिक्षणशास्त्रात ही उपमा फार वापरली जाते. शिक्षकांच्या प्रशिक्षणवर्गांत परांची कशी बांधावी यावर आम्ही तासन्‌तास बोलतो, पण ती उतरवायची असते हे त्या मानाने फार थोडे बोलले जाते. भिंत उभी राहू लागली की परांचीचा एकेक बांबू सोडवायचा. मुलांच्या बाबतीत हा क्रम साधारण असा असतो: आधी आपण करतो आणि मूल पाहते, मग दोघे मिळून करतो, मग मूल करते आणि आपण जवळ असतो, आणि शेवटी आपण तिथे नसतो. तिसऱ्या पायरीवर आपण सर्वांत जास्त अडकतो, कारण जवळ असलेल्या मोठ्या माणसाला मुलाची चूक घडण्याआधीच दिसते आणि ती पाहत गप्प राहणे जिवावर येते.

त्यात घाईची भर पडते. सात वर्षांच्या मुलाला बुटांच्या दोन्ही नाड्या बांधायला सुरुवातीला तीन-चार मिनिटे लागतात. आपण बांधल्या तर वीस सेकंद. सकाळी घड्याळ पुढे पळत असताना ही तीन मिनिटे कुठल्याही घराला परवडत नाहीत, हे मी मान्य करते. म्हणून नवे काम शिकवण्यासाठी सुट्टीचा दिवस निवडावा, असे माझे मत आहे. दुपारच्या निवांत वेळी जमिनीवर बसून, कुठेही जायचे नसताना बांधलेली नाडीच पुढे सोमवारी सकाळी कामी येते. एका वेळी एकच काम शिकवावे आणि ते अंगवळणी पडेपर्यंत दुसऱ्याला हात लावू नये, हेही मी अनुभवाने सांगते.

ज्या वयात मुलांना येत काही नसते, त्याच वयात ती मदतीला धावतात. फेलिक्स वार्नेकेन आणि मायकेल टोमासेलो यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दीड वर्षाच्या मुलांसमोर एक अनोळखी माणूस हातातली वस्तू पाडत असे आणि त्याचा हात तिच्यापर्यंत पोहोचत नसे. कोणी सांगितले नसताना, कसलेही बक्षीस नसताना बहुतेक मुलांनी मदत केली. आपल्या घरांतही हेच दिसते. केर काढताना मूल केरसुणी ओढते, कपड्यांच्या घड्या घालताना ढिगावर येऊन बसते. तेव्हा आपण "मध्ये येऊ नकोस, पसारा करशील" म्हणून त्याला खेळण्यांकडे पाठवतो आणि आठव्या वर्षी तेच मूल हाक मारूनही येत नाही म्हणून आश्चर्य करतो. जे प्राथमिक शाळेत नव्याने शिकवावे लागते, त्यातले पुष्कळसे आधी आपणच परतवून लावलेले असते.

बक्षिसांबद्दल माझे मत आता पूर्वीपेक्षा ठाम झाले आहे. काही वर्षे माझ्या वर्गात चांदण्यांचा तक्ता होता: काम केले की एक चांदणी, दहा चांदण्यांना एक भेटवस्तू. पहिला महिना उत्साहाचा गेला. दुसऱ्या महिन्यात, सांडलेले खडू उचलायला सांगितल्यावर एका मुलीने अगदी सरळ मनाने विचारले, "बाई, याला चांदणी आहे का?" तिचा काही दोष नव्हता, हिशेब मीच शिकवला होता. मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांचा १९७३ चा प्रसिद्ध प्रयोग हेच सांगतो. चित्रे काढायची मुळातच आवड असलेल्या बालवाडीतल्या काही मुलांना चित्रासाठी प्रशस्तिपत्र मिळेल असे आधी सांगितले गेले. पुढे मोकळ्या वेळेत, बक्षिसाची कोणतीही गोष्ट नसताना, या मुलांनी चित्रांसाठी दिलेला वेळ इतर मुलांच्या जवळपास निम्माच भरला. अचानक मिळालेल्या प्रशस्तिपत्राने मात्र आवड कमी झाली नव्हती. मी तक्ता काढून टाकला. आता एखाद्याने फळा स्वच्छ पुसला तर "कडेची धूळसुद्धा निघाली, मागच्या बाकावरून अक्षरं स्पष्ट दिसतात" एवढे म्हणते. त्याच्या कामाचा कोणाला काय उपयोग झाला हे मुलाला दिसले, तर मग त्याला वेगळ्या शाबासकीची ओढ उरत नाही, असे मला दिसले आहे.

वर्गातली जबाबदारीची कामे हुशार आणि नीटनेटक्या मुलांनाच मिळतात, हे मला आताशा फार खटकते. ज्याला जबाबदारीची सर्वांत जास्त गरज, त्याच्याकडे ती कधी जातच नाही. एका वर्षी मी वर्गातल्या सर्वांत विसराळू मुलाकडे शाळा सुटताना खिडक्या बंद करण्याचे काम दिले. खिडक्या सहा होत्या. पहिल्या दिवशी तो दोन बंद करून पळाला. मग त्याने आपणहून एक युक्ती काढली: प्रत्येक कडीला बोट लावून मोठ्याने आकडा म्हणायचा आणि सहा आल्याशिवाय दप्तर पाठीला लावायचे नाही. रोज शेवटच्या घंटेनंतर त्याचा तो "एक... दोन..." असा आवाज वर्गात घुमू लागला आणि महिनाभर सारे सुरळीत चालले. मग एके दिवशी त्याला कोणीतरी मैदानावरून हाक मारली, तो पाचावर थांबला, आणि त्याच रात्री पाऊस आला. सकाळी खिडकीखालच्या फडताळातली गोष्टींची पुस्तके भिजलेली होती.

तो वर्गात आला, पुस्तके पाहिली आणि दाराजवळच उभा राहिला. इतर मुले म्हणू लागली, "बाई, त्याचं काम काढून घ्या." तीच मला त्या क्षणी सर्वांत सोपी वाट होती. मी त्याला जवळ बोलावून विचारले, "आता काय करायचं?" बऱ्याच वेळाने तो म्हणाला, "वाळवायची." त्या दिवशी मधल्या सुट्टीत आणि शाळा सुटल्यावर तो आणि मी बाकांवर पुस्तके पसरून बसलो. चिकटलेली पाने तो दोन बोटांनी हळूहळू सोडवत होता आणि प्रत्येक पानाआड कोऱ्या कागदाचा तुकडा सरकवत होता. दोन पुस्तके वाचवता आली नाहीत, हे मी त्याच्यापासून लपवले नाही. शाळा सुटल्यावर त्याने खिडक्या बंद केल्या, सहापर्यंत मोजल्या आणि मग परत फिरून पुन्हा एकदा मोजल्या. काम त्याच्याकडेच राहिले, वर्षअखेरपर्यंत. चूक होताच काम काढून घेतले, तर जबाबदारी हा कधीही न चुकणाऱ्यांचा मान आहे असा समज सगळ्या वर्गाच्या मनात बसतो आणि मग चुकणारी मुले चूक लपवू लागतात.

पालकांकडून होणाऱ्या प्रकल्पांबद्दल इथे लिहायला हवे. वर्गात आलेला प्रकल्प मुलाने केला की घरच्यांनी, हे शिक्षकाला कडा पाहून कळते. आठ वर्षांच्या हाताने कापलेला पुठ्ठा वळणावर थोडा चुरगळतो आणि त्याच्या काठावर डिंकाचे बोट उमटते. सरळ, स्वच्छ कडांचे प्रकल्प आणणारी मुले "हे कसं केलंस?" विचारल्यावर खाली पाहतात. यात पालकांइतकाच दोष आम्हा शिक्षकांचा आहे, कारण प्रदर्शनात पुढच्या टेबलावर आम्ही त्याच सुबक वस्तू मांडतो. वाकडा-तिकडा, पण स्वतः केलेला प्रकल्प मागे राहतो आणि तो करणारे मूल ते पाहते. एरिक एरिक्सन यांनी सहा ते बारा हे वय "मला करता येते" आणि "मी कमी आहे" या दोन भावनांमधल्या ओढाताणीचे मानले होते. त्या वयात आपले काम मागच्या टेबलावर ठेवलेले पाहणे ही लहान गोष्ट नव्हे.

स्वावलंबन म्हणजे मदत न मागणे, असाही एक समज आहे, आणि तो मला घातक वाटतो. सगळे एकट्याने करायचा हट्ट धरणारे मूल अडले की गप्प बसते आणि गप्प बसलेले मूल मागे पडते. माझ्या वर्गात आम्ही एक रीत ठेवली आहे: मदत हवी तेव्हा जरूर मागायची, पण आपण कुठवर आलो आणि कुठे अडलो ते सांगून. "मला येत नाही" आणि "हातचा घेतला, पण पुढे कुठे लिहायचा ते कळेना" या दोन वाक्यांत मोठे अंतर आहे. दुसरे वाक्य म्हणण्यासाठी मुलाला स्वतःच्या कामाकडे बाहेरून पाहावे लागते. कितीदा तर वाक्य पूर्ण होईपर्यंत उत्तर त्याचे त्यालाच सापडते.

काही मुलांना बाहेरचा आधार इतरांपेक्षा बराच अधिक काळ लागतो. लक्ष एकाग्र होण्यात ज्यांना मुळातच अडचण असते, त्यांच्यासाठी चित्रांची यादी किंवा ठरलेली घंटा ही कुबडी समजू नये. चष्म्यासारखी ती वर्षानुवर्षे राहिली तरी हरकत नाही. आणि घरात मुलगा व मुलगी दोघे असतील, तर कोणाला किती वेळा हाक मारली जाते हे एक आठवडा मोजून पाहावे. मुलीकडे कामे लवकर जातात आणि मुलाकडची सूट लांबत जाते. यात दोघांचेही नुकसान आहे, कारण मुलाला स्वतःचे करणे येत नाही आणि मुलीला ते स्वतःचे वाटत नाही.

माझी मुलगी आता पाचवीत आहे. दारावरचा कागद तिसऱ्यांदा बदलला आहे आणि चित्रे जाऊन आता सगळे शब्द आले आहेत. ती अजूनही विसरते. परवा रात्री ती झोपल्यावर मी सवयीने तिच्या दप्तराशी गेले, चेन अर्धी उघडली आणि पुन्हा लावून टाकली. दुसऱ्या दिवशी ती भूमितीच्या तासाला पट्टीशिवाय गेली होती. हे मला तिने सांगितले नाही. संध्याकाळी दार लावताना कागदावर पेन्सिलीने लिहिलेली नवी ओळ दिसली, तेव्हा मला ते कळले: "पट्टी तिची परत द्यायची. माझी खिडकीत आहे."